सुटं टोक

आमच्याकडे नळाला पाणी पाचव्या दिवशी.
मधले चार दिवस निळ्या पिंपात.
पिंपावर झाकण म्हणून सेकंडातली चादर,
चादरीला भोक,
भोकातून पायांवर पांढरे पट्टे असलेला तो डास
आत-बाहेर, भाडं भरत असल्यासारखा.

त्या सप्टेंबरात अख्ख्या गल्लीचे सांधे धरले.
नायनाचेही.
चाळीस वर्षं तुटलेला धागा न बघता जोडणारी बोटं
सदऱ्याच्या बटणाशी हरली.
डॉक्टर म्हणाले, यावर असं खास औषध नाही.
गोळी घ्या, आराम करा.
आराम! मागावरच्या माणसाला!
ताप आठवड्यात गेला.
बोटं दीड वर्ष झालं, अजून परतली नाहीत.

मी केगावला, विद्यापीठात.
पांढरा कोट, उणे ऐंशीचा फ्रीझर,
लाइट गेली की त्याच्या दाराला पाठ लावून उभी राहणारी मी.
रात्री नायना विचारतो, काय केलंस आज?
सांगते :
विषाणू म्हणजे आरएनएची एक ओळ,
तीही घाईत उतरवलेली, चुकत चुकत,
औषध हाती येईपर्यंत नक्षी बदललेली.
वर प्रथिनांचा अंगरखा.
पेशीच्या दारात ते प्रथिन स्वतःचीच घडी घालतं,
अम्मा चादरीची घालायची तशी,
आणि घडीच्या ओढीनं दार उघडतं.
आम्ही त्याच प्रथिनातला तुकडा बनवतो.
पंचवीस मणी, बस.
घडीत आधीच सरकवून ठेवायचा.
घडी बसत नाही. दार उघडत नाही.

नायना भाकरी मोडतो, तळहातानं दाबून.
"म्हणजे चिंधी."
चिंधीच.
"त्याच्याच ठाणातली."
हो.
तो बराच वेळ हसला.
कारखान्यातून आयुष्यभर चिंध्याच आणल्या त्यानं,
आमची दप्तरं, उशा, पायपुसणी,
आता लेकीची डॉक्टरेट.

मग उरलेलंही सांगितलं.
ताटलीतल्या पेशी वाचतात. उंदीर नाही.
रक्तात विकरं असतात, नायना,
ती तुकडा टोकापासून कुरतडत येतात,
मणी मणी सुटा करतात.
अर्ध्या तासात काही उरत नाही.
नऊ उंदीर. मी त्यांना नावं ठेवत नाही,
तरी मोजलेत.

तो म्हणाला, "टोक सुटं ठेवलंसच कशाला?
सुटं टोक उसवणारच.
दोन्ही टोकं एकमेकांना बांध की, बिड्डा."

मला म्हणायचं होतं,
हे पुस्तकात आहे, माझ्या जन्माआधीपासून.
म्हणायचं होतं, तसले दोन तुकडे यादीत आहेत,
हैदराबादहून यायला सहा आठवडे,
किंमत तुझ्या वर्षाच्या पगाराएवढी,
आणि बांधला म्हणजे घडीत बसेलच असं नाही,
वळलेला तुकडा कधी कधी वळणातच अडकतो.
काही बोलले नाही.
त्यानं कोनाड्यातून लाल सुताचा तुकडा काढला होता
आणि टोकाला टोक लावत होता.

एकदा.
पुन्हा.
अम्माची तेंदूपान कापणारी कात्री थांबली.
तिसऱ्यांदा सूत खाली पडलं.
ते उचलून त्यानं माझ्या हातात दिलं,
जणू ते माझंच पडलं होतं.

मला विणकरी गाठ येत नाही.
त्या घरात जन्मून येत नाही.
तो तोंडानं सांगत गेला :
डावं खाली. उजवं वरून. अंगठ्यानं दाब.
आता मागून ओढ. एवढं नको.
थुंकी लाव.
सातव्या खेपेला बसली.
भातुकलीतल्या बांगडीएवढं वलय,
गाठ जाडच आली,
फणीतून गेली नसती, त्यानंच सांगितलं.

ते वहीत चिकटवलंय, पान एक्केचाळीस.
खाली लिहिलंय : संच सात. वलय.
निकालाचा रकाना कोरा.
पार्सल हैदराबादहून निघालंय म्हणतात.

आज पाचवा दिवस.
पहाटे साडेतीनला नळ सुटला,
अम्मा पिंप उलटं करून घासतेय, नारळाच्या शेंडीनं,
आणि नायना टॉर्च धरून उभा आहे,
दोन्ही तळहातांत.