पाव सेकंद

खरेदी तशी झालीच नाही.
सीताबर्डीच्या दुकानात नवा स्विचर हातात घेतला,
किंमत वाचली, काचेत परत ठेवला,
आणि वडशाच्या हेमराज नाकाड्याकडून
त्याचा जुना आणला, दोन बटणं बसलेला.
"एक अन् तीन दाबू नको," तो म्हणाला,
"बाकी इमानदार आहे."

मंडईचं नाटक. धान निघालेली बांधी.
पेंडॉलच्या आत दोन हजार माणूस,
बाहेर तितकंच, ज्याला फक्त पेटी ऐकू येते
आणि कनातीवर सावल्या दिसतात.
त्यांच्यासाठी मागे पडदा लावायचा असं मंडळानं ठरवलं,
म्हणजे मी लावायचा.

पावलं मोजली. रंगमंचापासून पडद्यापर्यंत
एकशे दहा, धसकटं चुकवत.
एचडीएमआयची तार पंधरा-वीस पावलांत दम सोडते,
आधी चित्रात चांदण्या, मग अंधार.
शिवाय तिचं तोंड नुसतं खुपसलेलं,
एखादं पोर पायात अडकलं की राजा दरबारासकट गेला.
म्हणून काळी, जाड एसडीआय.
तिची टोपी फिरवून बसवली की टिक् वाजतं,
मग बैलानं ओढली तरी सुटत नाही.
बैलानं ओढून पाहिलेली नाही. बोलायची रीत.

दोन कॅमेरे. माझा सेकंदाला पंचवीस चौकटींचा,
गुरुदास कुमऱ्याचा तिसांचा.
दोघांना एका जुवाखाली आणलं
तर एक दिसतो,
दुसऱ्याच्या जागी नुसतं निळं.
अर्धा तास मेनूत बोटं घालून
त्याचा पंचविसावर उतरवला.
"माझा चांगला होता गा," तो म्हणाला,
"तुझा वाढवायचा होता."
खरं होतं. माझा वाढत नव्हता.

मग जनरेटर सुरू झाला
आणि पडद्यावर आडव्या लाटा चढू लागल्या,
तलावाला वारा लागावा तशा.
लांजेवारची ध्वनीची पेटी एका बोर्डावर, मी दुसऱ्यावर,
दोघांची जमीन वेगळी.
हो-नाही करत एका बोर्डावर आलो.
लाटा निवल्या.

साडेदहाला पडदा उघडला.
पहिला विनोद पडला, आत हसू फुटलं,
आणि बाहेर
जरा मागाहून.
आवाज थेट भोंग्यात पोचत होता,
चित्र मात्र कॅमेऱ्यातून, तारेतून, स्विचरमधून, प्रोजेक्टरमधून,
प्रत्येक नाक्यावर घडीभर थांबत.
पडद्यावरच्या थोरल्या सुनेचे ओठ
तिच्याच शब्दामागे धावत होते.
फार नाही. पाव सेकंद.
पण एकदा दिसलं की दुसरं काही दिसत नाही.

लांजेवार म्हणाला, मागच्या भोंग्यांना उशीर देतो,
एक खुंटी फिरवायची, चित्र येईस्तोवर शब्द थांबेल.
"सांग, कुठं थांबू?"
मी बाहेर गेलो, पडद्याच्या उजेडात उभा राहिलो,
सांगायला.

तिथे पोत्यावर बाबा बसले होते,
चिवड्याचा पुडा न उघडता मांडीवर.
बावीस वर्षं विंगेत वही धरून बसलेला माणूस,
प्रॉम्प्टर.
नट अडला की शिवी यांना,
सावरला की टाळी त्याला.
पहिल्या रांगेला दोन्ही ऐकू यायचं,
आधी यांचं, मग त्याचं,
आणि कुणी तिकिटाचे पैसे परत मागितल्याचं
मला आठवत नाही.

फोनवर म्हणालो, थोडं अजून. अजून. बस.
शब्द ओठांवर येऊन बसला.
सुनेनं सासऱ्याला सुनावलं,
आणि बाहेरचं सगळं रान तिच्या तोंडाबरोबर हललं.

बाबांचे ओठ मात्र
तिच्या आधीच मिटले होते.
पुढचं वाक्य सासऱ्याचं.
त्यांनी तेही सुरू केलं.