वर्ग तीन

वहीत तिचा क्रमांक एकशे बारा.
म्हापसा, खोर्ली, पोदेराच्या भट्टीमागची गल्ली,
एस्पेरान्साबायच्या कुंपणापासून दीड मीटर.
वर्ग : तीन.
म्हणजे धोका नाही. म्हणजे लक्ष ठेवावे.
म्हणजे दर सहा महिन्यांनी मी येतो,
सळईनं जमिनीला भोक पाडतो,
यंत्राची नळी आत सोडतो
आणि जवळजवळ तोच आकडा त्याच रकान्यात लिहितो.

पहिल्या वर्गासाठी ताटावरून उठावं लागतं.
रस्ता अडवा, बटणाला हात लावू नका,
ती विडी आधी विझवा, म्हाताऱ्यांना बाहेर आणा.
दुसऱ्याला तारीख मिळते.
तिसऱ्याला मी मिळतो.

"शाणू, अजून वास येता रे."
ती पोस्टात तीस वर्षं होती. तक्रार कशी करायची ते तिला कळतं.
इगर्जीच्या कॅलेंडरवर, वास आला त्या दिवसाला
निळ्या शाईची फुली.
माझ्या वहीत वर्षाला दोन नोंदी.
तिच्या जुलैत एकोणीस.
एप्रिल मात्र कोरा : तेव्हा वर डोंगरावर भट्ट्या पेटतात,
निरो आंबतो, सगळ्या वाड्याला एकच वास,
त्यात आमचा कुजक्या कोबीचा कुठं ऐकू यायचा.

अबोलीच्या वाफ्यात ताटाएवढी जागा पिवळी.
"खत घालून बघितलं," ती म्हणाली.
मी मान हलवली. त्या जागेसाठी माझ्याकडे रकाना नव्हता.

मग यंदा कागद आला.
वर्ग तीन कायमचा वर्ग तीन राहणार नाही.
वर्षाच्या आत खणा, शोधा, बुजवा,
आणि राहणाऱ्याचं नाकही पुरावा धरा.
साहेबांनी तो दोनदा वाचला,
दुसऱ्यांदा जरा हळू.

मार्चात खणलं.
वर जांभ्याचा चुरा, खाली ओली लाल माती,
मग पिवळा पाइप, कोवळा दिसणारा,
बारा वर्षं जमिनीत राहूनही कोवळा.
सांध्यावर साबणाचं पाणी सोडलं.
बराच वेळ काही नाही.
मग मसुराएवढा एक बुडबुडा आला. फुटला.
त्याच जागी दुसरा.

एस्पेरान्साबाय खड्ड्याच्या कडेला खुर्ची टाकून
छत्री धरून बसलेली,
जणू कुणाचं तरी दफन चाललंय
आणि पाद्री उशिरा येतोय.

मी फडक्यानं सांधा पुसला.
पांढऱ्या मार्करची अक्षरं निघाली नाहीत.
तारीख. आणि जोडणाऱ्याचा क्रमांक :
सतरा.

सतरा मी.
बाविसाव्या वर्षी, नवा गणवेश,
संध्याकाळी वाळपईची शेवटची बस,
आणि पाइपचं टोक चारी बाजूंनी खरवडायचं असतं
ते तीनच बाजूंनी खरवडलेलं.
चौथी बाजू कुणाला दिसणार होती.

अर्जात एक रकाना आहे : कारण.
तिथं बहुतेक जण लिहितात, माती खचली.
माती काही बोलत नाही. तिची नोकरी जात नाही.
पेन हातात धरून मी बराच वेळ उभा राहिलो.
वरून विचारणा झाली, "सांपडलें?"

"सापडलं, बाय. माझंच."
तिला ऐकू आलं की नाही, कोण जाणे.
लिहिलं : सांधा सदोष. जोडणारा क्र. १७.
अक्षर नेहमीपेक्षा बरं आलं.

तुकडा कापला, नवा जोडला, चारी बाजू खरवडून.
साबणाचं पाणी तसंच साबणाचं पाणी राहिलं.
नियम म्हणतो, महिन्यानं पुन्हा तपासा.
"महिन्यानं एप्रिल," ती म्हणाली,
"एप्रिलात नाकाचं काही खरं नाही. जूनमध्ये ये."

मी दोन्ही तारखा लिहिल्या.
दुसरीला रकाना नव्हता,
समासात लिहिली.