फिकं

हणमंत ऐवळेनं जतहून आणली हातभर काठी,
तीनधारी, हिरवी, वर्तमानपत्रात गुंडाळलेली,
आणि बोटांची शेंगाचटणी पुसत म्हणाला,
लगेच लावू नका. आठ दिवस सावलीत पडू द्या.
जखम वाळल्याशिवाय मूळ धरत नाही.

आम्ही दोघं भांडुपला, पाणी शुद्ध करायच्या केंद्रात,
रात्रपाळीला. तुरटी मोजतो, क्लोरीन मोजतो.
आणि पाण्याच्या माणसाला मिळालं असं झाड
ज्याला पाणी जास्त झालं की कुजतं.

मुलुंडला गच्चीत निळं पिंप अर्धं कापून ठेवलं,
मधोमध सिमेंट भरलेला पाइप,
माथ्यावर जुन्या स्कूटरचा टायर.
दुसऱ्याच आठवड्यात आमचे सेक्रेटरी, कारखानीस,
यांचं पत्र: स्लॅबवर बोजा, गळतीचा संभव, उपविधी अमुक.
मी पत्राची घडी घालून पिंपाखाली सारली.
पिंप डुगडुगत होतं.

तीन वर्षं नुसते काटे.
साडीचा काठ अडकला की वृंदा म्हणायची,
लोक गच्चीत मोगरा लावतात,
तुम्ही कुंपण लावलंत.

चौथ्या वर्षी कळी.
मिरचीएवढी, मग वांग्याएवढी,
मग मी कामावर असताना रात्री फोन:
उघडतंय. चौथ्या मजल्यावरच्या बायका आल्यात,
ब्रह्मकमळ समजून कुणी हळदकुंकू वाहिलं.
म्हटलं, वाहू दे, चुलत बहीणच लागते ती याची.
सकाळी सातला धापा टाकत वर गेलो
तर ओल्या फडक्यासारखं लोंबत होतं.
पाचव्या दिवशी देठ पिवळा,
सहाव्या दिवशी खाली. कुंकवासकट.

ऐवळे म्हणाला, या जातीला एकट्याचं एकट्याला भागत नाही.
दुसऱ्या झाडाचा पराग लागतो.
आणि लागतो तो रात्रीच.

ऑगस्टात पुन्हा कळी. मी रजा टाकली,
कारण लिहिलं: घरगुती.
पहिल्या मजल्यावरच्या नफीसानं,
ती नवऱ्यांना नटवते,
वेष्टनातला नवा ब्रश दिला, गालांवर रंग लावायचा.
साडेदहाला फूल ताटाएवढं झालं
आणि मी ब्रश घेऊन उभा,
लावायला काही नाही.

गच्चीचं दार करकरलं.
कारखानीस. लेंगा, बनियन, काखेत टॉर्च,
हातात चांदीचा करंडा.
झाकण काढलं तर आत पिवळी पूड.
आमच्या मागच्या बाल्कनीत आहे एक, म्हणाले,
लाल गराचं. बोलू नका कुठे.
टॉर्च त्यांनी धरला.
उजेड हलत होता, पण
हात कुणाचा कापत होता ते कळेना.

मग चौतीस दिवस.
बुलबुल येऊ नयेत म्हणून ओढणीच्या तुकड्यात
बांधलेलं एक हिरवं बोचकं.
एकतिसाव्या सकाळी गुलाबी,
मग खवल्यांची टोकं सुकायला लागली.
ओढायचं नाही, ऐवळेनं बजावलं होतं, पिरगाळायचं.
पिरगाळलं. अंगठ्यात काटा राहिला, अजून आहे.

एक फळ, चार माणसं, सुरी.
आत पांढरं.
माझं लाल होतं हो, कारखानीस म्हणाले,
जणू मी मध्येच कुठे बदलून आणलं.
नफीसानं आधी फोटो काढला.
वृंदा म्हणाली, गोड आहे की नाही तेच कळेना.
कारखानीसांनी मीठ मागितलं.

मी काही बोललो नाही.
तीस वर्षं पाणी चाखतोय,
पावसाळ्यातलं वेगळं, मे महिन्यातलं वेगळं,
फिक्यात किती चवी असतात ते मला विचारा.
पण कुणी विचारलं नाही,
आणि मीठ दिलं.

त्या रात्री अडीचला, टाकीच्या कठड्याशी,
दाढेतलं एक काळं बी जिभेला लागलं.
थुंकायला वाकलो, थांबलो.
खाली उद्या सकाळचं पाणी होतं.