साडेसहा

गुजरीतल्या आमच्या बोळात उन्हाची तिरीप
साडेअकराला येते, पाऊण तास थांबते.
तेवढ्यात मी चष्मा काढून ठेवते लाखेच्या डबीवर
आणि गाठवायला आलेला साज नाकाशी धरते.
वीतभराच्या आत माझ्याइतकं कुणाला दिसत नाही:
कासवाच्या पाठीवरची रेघ, भुंग्याचे पाय,
माशाच्या डोळ्यातला तांबडा खडा,
मोहरीहून बारीक.
वीतभराच्या पलीकडे
सगळं टीपकागदावर फुटलेली शाई.

साडेसहा. दोन्ही डोळ्यांचा सारखाच.
चौथीत लागला तेव्हा दीड होता.
त्याआधी वर्षभर मी फळ्यावरचं
शेजारच्या पद्मजाच्या वहीतून उतरवून घेई,
चुकांसकट.

बघण्याच्या दिवशी आत्यानं चष्मा काढून घेतला.
तासाभराचा तर प्रश्न, म्हणाली.
पोह्यांच्या बशा घेऊन मी निघाले
पांढऱ्या शर्टाच्या रोखानं.
पसंत आहे का, रात्री विचारलं सगळ्यांनी.
आवाज बरा आहे, म्हटलं.
(पांढरा शर्ट मामांचा होता.
हे साखरपुड्यात कळलं.)

धाकट्या जाऊबाई मागच्या दिवाळीत करून आल्या.
पंधरा मिनिटं, मुंगीसुद्धा चावली नाही.
आता रंकाळ्याच्या या काठावर बसून
त्या काठावरच्या पाट्या वाचतात,
मोठ्यानं, कुणी न विचारता.
"करून टाका की वहिनी.
नाकावरचे वळ तरी जातील."

राजारामपुरीत डॉक्टर शिरगुप्पे.
थेंब घातले, हनुवटी टेकवून घेतली, दिवा मारला.
पडदा ठीक, बुबुळाची जाडी ठीक. होईल.
मग विचारलं, वय?
एक्केचाळीस.
आणि काम काय करता?
मी बोटं पुढे केली. नखांत लाख होती.
ते जरा वेळ पेनाचं टोपण काढत-लावत बसले.
"लांबचं स्वच्छ दिसेल.
जवळच्याला चष्मा लागेल, आज नाहीतर दोन वर्षांनी.
आणि आज चष्मा काढून जे दिसतं तुम्हाला, ते..."
पुढचं वाक्य त्यांनी माझ्यावर सोडलं.

संमतीपत्राची बारीक अक्षरं
मी चष्मा काढून वाचली, कागद नाकाला लावून.
कंपाउंडर हसला. मलाही हसू आलं.
सही तेवढी केली नाही.

थेंबांचा अंमल संध्याकाळपर्यंत राहील, म्हणाले होते.
केएमटीतून उतरले, ऊन भाल्यासारखं.
दुकानात आले, चष्मा तसाच डोळ्यांवर.
समोरच्या पेढीवरचा आजचा भाव दिसत होता,
आकडा न् आकडा.
हातात साज घेतला.
मासा नाही. कासव नाही.
तळव्यावर नुसता पिवळा ओघळ.
डोळे बारीक केले, हात लांब केला,
वयस्क गिऱ्हाइकं करतात तसं.
मग चष्मा काढला, साज नाकाशी आणला,
आणि मासा परत आला,
डोळ्यासकट.

इथंच हे संपलं असतं.

पण परवा पहाटे धाकटीला ताप चढला.
चष्म्यासाठी चाचपडताना तांब्या लवंडला,
चष्मा कॉटखाली गेला,
आणि अंधारात ती "आई" म्हणाली तिकडे
मी तोंड वळवलं, तिथं नुसता एक फिकट डाग,
ज्याला ताप होता.
एकदा तरी डोळे उघडल्या उघडल्या
तिच्या कपाळावर आलेले केस दिसावेत.
ते वीतभराच्या बाहेर असतात.

"काय करू?" यांना विचारलं.
"तुझं तू बघ," पेपरातून मान वर न करता.
आवाज अजून बरा आहे.

तारीख मंगळवारची दिलीय.
मंगळवारीच उत्तुरच्या बाईंचा साज द्यायचाय,
तीन पानं सैल आहेत, वाघनखाची लाख भरायचीय.
संमतीपत्र लाखेच्या डबीखाली घडी करून ठेवलंय.
त्यावर चष्मा.
तिरीप आत्ता उंबऱ्यापाशी आहे.