ठिबक

सारडा सर्कलला गाडी लावली
तर खालचं डांबर ओलं.
मे महिना, दुपारचे अडीच,
आणि मी जुनी घेतलेली ही गाडी.
गेलं इंजिन, म्हटलं,
अजून एकतीस हप्ते बाकी.

इलियासभाई वाकून आडवे झाले,
थेंब बोटावर घेतला, चोळला, हुंगला.
हिरवं नाही. चिकटत नाही.
"साधं पाणी आहे, ताई. एसीचं."
पण मी कुठे भरलंय?
"कुणीच भरत नाही.
गार तांब्याला घाम फुटतो,
तो काय तांब्याचा असतो?
हवेतलंच. गारवा दिसला की बसतं."

हवेतलं.
म्हणजे गंगेवर वाळत घातलेल्या लुगड्यांतलं,
आडगाव नाक्यावरच्या रसवंतीतलं,
आणि आमचंही असणार थोडं.
निफाडच्या कोर्टातून निघाल्यापासून काचा बंद.
शेजारी दादा, मागे वसुधाक्का आणि भाऊजी,
चार गुंठ्यांवरच्या सह्या अजून ओल्या.
चांदोरी गेली, आडगाव गेलं,
कुणी चकार शब्द काढला नाही.
श्वास मात्र चौघांनी घेतलेच की,
तासभर, एकमेकांचे.

किती द्यायचे?
"कशाचे?" फडक्याला हात पुसत म्हणाले,
"ठिबकतंय तोवर ठीक आहे.
थांबलं तर या.
नळी तुंबली की पाणी आत येतं,
पायाशी."

मागची काच अर्धी खाली आली.
"काय म्हणतायत गं?"
अक्कानं विचारलं.