चाळीस अक्षरांचा ठसा

तुर्भ्याच्या गाळ्यावर दुसऱ्या मजल्याला ऑफिस.
खाली मिरचीची पोती उतरतात,
म्हणून वर सगळेच थोडे शिंकत हिशेब करतात.
चारुलता खोपकर, एकतीस वर्षं त्याच खुर्चीत.
सहीचा शेपटा कुठे वळतो एवढ्यावरून
त्यांनी चेक परत धाडलेत:
"हा भोगटेशेठचा 'भ' नाही."

पण मेलला शेपटा नसतो.
मार्चअखेरीस सांगलीच्या हळदवाल्यांच्या नावाने आला.
नाव तेच, नमस्कार तोच,
'कळावे, लोभ असावा' हेसुद्धा तसंच,
फक्त खातेनंबर नवा.
सात लाख चाळीस हजार
एका दुपारी कुठल्याशा शाखेत जाऊन बसले
आणि दिवेलागणीला तिथूनही उठले.
बाई कुणाला काही बोलल्या नाहीत.
डबा न उघडता घरी नेला.
पुढेही कितीतरी दिवस तसाच नेत राहिल्या.

म्हणून मला बोलावलं.
मी त्यांच्या रोजच्याच मेलच्या खिडकीत
दोन बटणं वाढवली. एक सहीचं, एक कुलपाचं.
पाव तासाचं काम.
समजावण्यात मात्र सोमवारचा गुरुवार झाला.

"दोन किल्ल्या? आणि त्यातली एक जगाला वाटायची?
मग ते कुलूप कसलं, धर्मशाळाच ती."
म्हटलं, वाटायचं ते उघडं कुलूप समजा.
ज्याला तुम्हाला काही पाठवायचंय
तो ते आपल्या पेटीला खट्कन लावेल.
मग पेटी त्याचीही नाही.
"लावणाऱ्यालाही उघडत नाही?"
"लावणाऱ्यालाही नाही."
त्यांनी चष्मा पुसला, बराच वेळ पुसला.

सही लगेच पटली.
मजकुरातला एक शून्य सरकला तरी ती फाटते, म्हणालो.
"म्हणजे खाडाखोड चालत नाही."
"अजिबात."
"मग इतकी वर्षं मी काय सांगत होते?"

परवलीचं वाक्य हवं होतं.
लांबलचक, देवाचं नको, नातवाचं नको.
मी तोंड फिरवून खाली बघत राहिलो,
हमाल पोत्यावर पाय पसरून बिडी पेटवत होता.
मागे त्या ओठातल्या ओठात पुटपुटत
एका बोटाने टाइप करत होत्या.
मधेच एकदा हसल्या.
काय होतं ते मला ठाऊक नाही.
ते ठाऊक नसणं
हेच तर मी बसवून दिलं होतं.

मग सांगलीला फोन.
तिकडे बाबगोंडा मगदूम, बावीस वर्षांची ओळख,
तोंड एकमेकांचं कधी पाहिलेलं नाही.
समोर कागद, चारचार अक्षरांचे दहा गठ्ठे.
"ए चार बी नऊ."
"व्हय."
"शून्य सात, मग एफ. फणसातला."
"फणसातला, व्हय."
"सी सीताफळातला, दोन, दोन, डी डाळिंबातला."
सहाव्या गठ्ठ्याला पलीकडून खोकला आला,
ओला, लांब, शेवटी शिट्टी वाजणारा.
"मगदूम, तंबाखू सोडला नाहीत ना अजून?"
"ताई, हे त्या आकड्यांत हाय काय?"
"नाही," बाई म्हणाल्या,
"पण मी तपासत होते ते हेच."
आणि सातवा गठ्ठा वाचायला घेतला.

त्याच दिवशी चार वाजता सांगलीचं उत्तर आलं.
मधल्या वाटेवर मला दिसली
ती नुसती अक्षरांची कोशिंबीर,
ना काना, ना वेलांटी.
त्यांच्या पडद्यावर हिरवी खूण
आणि खाली चारच ओळी.
दोनदा वाचल्या त्यांनी. मी विचारलं नाही.
मग टेबलाखालून डबा काढला,
झाकण घट्ट बसलं होतं, दोन्ही अंगठे लावून उघडलं.
गार भेंडी, तीन पोळ्या.
"बसा," म्हणाल्या, "यातली एक तुमची."