मागची सीट

ब्लानिकचे पंख किंचित पुढे झुकलेले,
कुणाचं हळू बोलणं ऐकायला वाकावं तसे.
बोहुमिर म्हणायचा, हे शोभेसाठी नाही.
पंख पुढे ओढले, म्हणून माझी सीट
नेमकी तोलावर आली.
मी बसलो काय, उतरलो काय,
विमानाला फरक पडत नाही.
बोलताना नजर विंचच्या दोराकडे,
दाढेत सूर्यफुलाच्या बिया.

काचेवर चिकटवलेला लोकरीचा लाल धागा,
त्याच्या बायकोच्या उसवलेल्या स्वेटरचा.
तो तिरका झाला की मागून
माझ्या सीटवर टकटक.
बेचाळीस उड्डाणं, एवढीच भाषा.

त्रेचाळिसाव्याला तो उतरला.
रिकाम्या सीटचे पट्टे आवळून बांधले,
पोर बसवल्यासारखे.

दोर सुटला. खटका.
मग पत्र्यावरून हात फिरवत जाणारा वारा,
खाली मोराव्हियाची बीटची शेतं,
कुंपणाशी टोपी काढून उभा तो.
खरंच, विमानाला काही कळलं नाही.
धागा डावीकडे गेला
आणि मी टकटकीची वाट बघत राहिले.

पुढे दुसऱ्या देशात एका ब्लानिकचा पंख तुटला.
कागद आला: तुळया थकल्या असतील, उडवू नका.

ब्लानिक नावाच्या टेकडीच्या पोटात म्हणे
सरदार झोपलेत, वेळ आली की उठतील.
आमचा हँगरमध्ये, ताडपत्रीखाली.

परवा धूळ पुसायला गेले.
बोहुमिरला जाऊन नऊ वर्षं झाली.
मागचे पट्टे बांधलेलेच होते,
ते मी सोडले नाहीत.
पुढे बसले. दाराच्या फटीतून वारा आला.
धागा हलला,
कुठल्या बाजूला ते पाहिलं नाही.